गोळ्या किती उरल्या?



आपल्या वस्तीत कुणी गेले की माणसे कमी पडत नाहीत. लोक रजा टाकून येतात, मंडळाची पोरे मंडप घालतात, जलदान विधीला दोन-अडीचशे पत्रावळी उठतात. "फार चांगला माणूस होता" असे पाच-सहा जण भाषणात सांगतात. पण तोच चांगला माणूस चार-सहा महिने खाटेवर पडून होता, तेव्हा त्याच्या दारात चपला किती होत्या? मी पडलो कारकून, मोजायची खोड आहे. बहुतेक दिवशी दोन जोड दिसत. त्यातला एक घरच्या सुनेचाच.

आज या सदरात त्या चार-सहा महिन्यांविषयी लिहायचे आहे.

गोष्ट २०२२ च्या उन्हाळ्यातली. आमच्या मागच्या गल्लीत एक काकाजी राहत. उभा जन्म जिनिंगमध्ये हमाली करण्यात गेला. खर्ऱ्याची सवय. गालाच्या आत फोड आला. तो बरा होईना म्हणून आधी झाडपाला झाला, मग मेडिकलच्या दुकानातून विचारून आणलेल्या गोळ्या झाल्या. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत गाठ बाहेरून दिसू लागली होती. ऑपरेशन झाले, रेडिएशन झाले, मुलाची ऑटो विकली गेली. आणि एक दिवस तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, "आता घरी न्या. आता करण्यासारखे काही नाही."

हे वाक्य आपल्यापैकी किती घरांनी ऐकले असेल! डॉक्टरांना कदाचित एवढेच म्हणायचे असते की आजार आता बरा होणार नाही. घरच्यांना मात्र ऐकू येते की आता दुखले तरी सोसायचे, घाण वास आला तरी सोसायचे, आणि वाट पाहायची. काकाजींच्या घरी तेच चालले होते. गालाला आरपार जखम, तिला वास, खोली एकच. नातवंडे ओट्यावर झोपत. काकाजी रात्रभर उशी तोंडात दाबून कण्हत. सून सांगायची, "भाऊ, तीन रात्री झाल्या, डोळ्याले डोळा नाही लागला कोनाचा."

आणखी एक गोष्ट मी तिथे पाहिली, ती लिहिताना लाज वाटते. काकाजींचे ताट आणि पेला वेगळा ठेवला होता. कॅन्सर लागतो अशी कुणीतरी भीती घातली होती. कॅन्सर शिवल्याने, जवळ बसल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही. वेगळा पेला म्हणजे काय दुःख असते, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कुणी येऊन शिकवावे काय? काकाजींना ते कळत होते. बोलता येत नव्हते, पण पेल्याकडे बोट दाखवून त्यांनी मला जे समजवायचे ते समजवले.

आमच्या ओळखीच्या एक सिस्टर जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात आहेत. त्यांनी पॅलिएटिव्ह केअरचे प्रशिक्षण घेतले आहे. शब्द अवघड आहे. अर्थ असा की आजार बरा होवो न होवो, दुखणे, श्वास लागणे, उलट्या, जखमा, झोप न येणे आणि मनाची घालमेल यांवर इलाज करायचा, आणि रोग्याबरोबर त्याच्या घरालाही सांभाळायचे. एका रविवारी त्या आपल्या खर्चाने बसने आल्या. त्यांनी पहिल्यांदा काय केले असेल? हात धुतले आणि काकाजींच्या खाटेवर, अगदी जवळ बसल्या. मग विचारले, "काकाजी, रुपयात किती आणे दुखतंय?" काकाजींनी दोन्ही हातांची बोटे दाखवली, मग पुन्हा सहा. सोळा आणे.

जखम मिठाच्या पाण्याने कशी धुवायची, हे त्यांनी सुनेला हात धरून दाखवले. मेट्रोनिडाझोल नावाची स्वस्त गोळी असते, ती कुटून तिची पूड जखमेवर टाकली. चार-पाच दिवसांत वास निम्म्यावर आला आणि नातवंडे पुन्हा खोलीत झोपायला आली. वास गेला तेव्हाच घर घरासारखे झाले, असे मला आजही वाटते. हा उपाय कुणीही मनानेच करू नये, डॉक्टर-सिस्टरांना विचारून करावा. पण असा उपाय असतो, हे तरी माहीत हवे. आम्हाला तेवढेही माहीत नव्हते.

दुखण्यासाठी दवाखान्यातून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. मॉर्फिन म्हटल्यावर घरात घबराट झाली. "नशा लागेल, लवकर मरतील" असे शेजारचे बोलू लागले. सिस्टरांनी शांतपणे सांगितले की दुखण्याच्या मापाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले तर त्याने माणूस व्यसनी होत नाही आणि लवकर मरतही नाही. पहिले दोन-चार दिवस गुंगी येते, मळमळते. शौचाला मात्र हमखास खडा होतो, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवेच. आणि मुख्य म्हणजे गोळी घड्याळ पाहून द्यायची. साधी गोळी साधारण चार तास काम करते. दुखू लागल्यावर देऊ असे म्हटले की दुखणे पुढे पळते आणि गोळी मागे राहते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कॅन्सरच्या दुखण्याची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत सांगितली. आधी साधी गोळी, मग मधली, मग मॉर्फिन; तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे. म्हणजे गोष्ट काही काल शोधलेली नाही.

मग ती आपल्यापर्यंत का पोचली नाही? याचे एक कारण माझ्या धंद्यातले, म्हणजे कागदाचे आहे. मॉर्फिन अफूपासून होते. अफूची शेती आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने होते, आणि नीमच व गाझीपूरला सरकारचेच कारखाने आहेत. पण १९८५ साली अंमली पदार्थांचा कडक कायदा आला. औषधासाठीसुद्धा इतके परवाने, इतक्या कचेऱ्यांचे शिक्के लागू लागले की बहुतेक दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. ते कधी हातात न धरता डॉक्टरांची एक पिढी तयार झाली. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता मान्यता मिळालेल्या वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांच्या मान्यतेने ते ठेवता येते. कायदा बदलला, सवय बदलायला वेळ लागतो आहे. फाईल एकदा कपाटात गेली की ती बाहेर काढायला काय लागते, हे आम्हा कारकुनांना विचारा.

काकाजी पावसाळ्यात कालकथित झाले. शेवटचे दोन महिने ते दोन-तीन आण्यांवर होते. पातळ पेज घेत, नातवाच्या वहीत चित्रे काढत. पेला घरातलाच होता.

त्यानंतर वस्तीतल्या महिला मंडळाने आणि आम्ही चार-पाच जणांनी ठरवले की पडून असलेल्या माणसांची यादी करायची. विहारात बैठक झाली. नेहमीप्रमाणे एकाने विचारले, "हे आपलं काम आहे का? हे सरकारचं काम आहे." प्रश्न चुकीचा नव्हता. तेव्हा एका वयस्क उपासकांनी विनयपिटकातल्या महावग्गाची आठवण दिली. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता, म्हणून कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदांना पाणी आणायला लावले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून उचलून त्याला खाटेवर ठेवले. ही गोष्ट आपण प्रवचनात ऐकतो. पण त्या उपासकांनी पुढचे सांगितले, ते मला नवे होते. तिथे पाळीच लावून दिली आहे! आजारी भिक्खूची सेवा त्याच्या उपाध्यायाने करावी, नसेल तर आचार्याने, नसेल तर शिष्याने, सोबत्याने. आणि कुणीच नसेल तर संघाने करावी, न केल्यास संघाला दोष. सेवा करणारा कसा असावा तेही सांगितले आहे. औषध तयार करता आले पाहिजे, काय मानवते आणि काय नाही ते कळले पाहिजे, मलमूत्राची आणि ओकारीची किळस येता कामा नये. बैठकीत थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग महिला मंडळाच्या एक ताई म्हणाल्या, "मग पाळी लावा ना जी आतापासूनच."

पाळी लावायची म्हणजे वही हवी. वहीचे काम माझ्याकडे आले. दोनशे पानी रजिस्टर घेतले, रेघा मारल्या. नाव, वय, गल्ली, आजार, घरात कोण पाहते, कोण भेटीला जाणार, कोणत्या वारी. पहिल्याच महिन्यात अकरा नावे झाली. कॅन्सरचे तीनच होते. बाकी कुणी लकव्याने पडलेले, कुणी मांडीचे हाड मोडून खाटेला लागलेली म्हातारी, एक किडनीचे, एक तरुण मुलगा झाडावरून पडून कंबरेखाली लुळा. त्याच्या पाठीला तळहाताएवढी जखम झाली होती, कारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे घरात कुणालाच सांगितलेले नव्हते. ही अकरा माणसे रोज आपण ज्या गल्ल्यांतून जातो त्याच गल्ल्यांत होती.

रजिस्टर झकास दिसत होते. मला त्याचा अभिमान होता. आणि त्याच रजिस्टरने माझा घात केला.

२०२३ ची दिवाळी. वहीत एक मावशी होत्या. विड्या वळून त्यांनी दोन मुलींची लग्ने केली. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर कंबरेच्या हाडात उतरलेला. मॉर्फिनवर त्यांचे बरे चालले होते. भेटीची पाळी गुरुवारची. बाई गेल्या, बसल्या, मी वहीत बरोबरची खूण केली. शनिवारी संध्याकाळी मावशींची नात धावत आली. गोळ्या संपल्या. दवाखान्याचा औषध विभाग बंद. मॉर्फिन कुलपात असते, तिची नोंदवही वेगळी, किल्ली ठरावीक माणसाकडे. ते सुटीवर गावी गेलेले. खाजगी दुकानात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. सिस्टरांनी फोनवर दुसऱ्या गोळ्या सुचवल्या, त्या आणल्या, पण सोळा आण्याच्या दुखण्याला त्या चार आण्याच्या पडल्या. त्यात मॉर्फिन एकदम बंद झाल्याने अंगाला कंप आणि घाम सुटला तो वेगळाच.

शनिवारची रात्र आणि रविवारची रात्र. बाहेर फटाके वाजत होते आणि मावशी ओरडत होत्या. सोमवारी दुपारी मी स्वतः जाऊन गोळ्या आणल्या. मावशींनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्या नातीने मात्र विचारले, "काका, तुमच्या वहीत लिहिलं नव्हतं का?"

नव्हते लिहिले. कोण भेटायला गेले ते लिहिले होते. गोळ्या किती उरल्या, कोणत्या तारखेला संपणार, हा रकाना माझ्या सुंदर रजिस्टरात नव्हताच. वीस वर्षे मी कार्यालयात स्टेशनरीचा शिल्लक साठा लिहितो आहे. टाचण्यांचीसुद्धा शिल्लक लिहितो.

त्या आठवड्यात वही पुन्हा आखली. आता पहिला रकाना नावाचा, दुसरा दुखण्याच्या आण्यांचा, तिसरा उरलेल्या गोळ्यांचा आणि चौथा, लाल शाईने, गोळ्या संपण्याच्या तारखेचा. संपायच्या सात दिवस आधी माणूस दवाखान्याकडे निघालाच पाहिजे, आणि पुढे सलग सुट्या असतील तर दहा दिवस आधी. कॅलेंडरवर सुट्या आधीच गोल करून ठेवतो. एकच माणूस सगळ्या घरांचा हिशेब ठेवतो आणि तो गावाला गेला तर वही कुणाकडे, हेही पहिल्या पानावर लिहिले आहे. घरी जाऊन करायच्या सेवेत डॉक्टर लागतात, सिस्टर लागतात, यात वाद नाही. पण डॉक्टर, सिस्टर, औषध आणि घर यांना जोडणारा धागा तुटला की सगळे असून नसल्यासारखे होते, हे मी त्या दोन रात्रींत शिकलो.

हे सगळे केरळात आधीच झालेले आहे, असे सिस्टर नेहमी सांगतात. १९९३ साली कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी छोटा दवाखाना सुरू केला. पण ज्यांना सर्वात जास्त गरज, ते रोगी दवाखान्यापर्यंत येऊच शकत नव्हते. म्हणून पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जाळे उभे राहिले. दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी यांना सोळा तासांचे शिकवून आणि जाणत्या पथकाबरोबर घरोघर नेऊन तयार केले. दुकानादुकानांत डबे ठेवून लोकांच्या चिल्लरमधून पैसा उभा केला. रोग्याच्या घरी तांदूळ आणि मुलांची शाळा हेही त्यांनी आपले काम मानले. २००८ साली केरळ सरकारने यासाठी धोरण काढले, आणि आज तिथल्या पंचायती आपली नर्स गाडीने घरोघर पाठवतात. आपल्या मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. त्यांचे काम मोठे आहे. पण तालुक्याच्या खेड्यातल्या माणसाला वांद्रे कुठे आणि वारजे कुठे! केरळात गावाला गाव लागून आहे, पंचायतींच्या हातात पैसा आहे. आपल्याकडे पावसाळ्यात नाल्यापलीकडे जाता येत नाही. त्यांच्यासारखे सगळे आपल्याला जमणार नाही. वही मात्र जमते.

आणि सरकारचे काम सरकारकडून करून घेतलेच पाहिजे. केंद्राचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा धरलेली आहे. तेव्हा आपल्या उपकेंद्रातल्या आशाताईंना आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना पडून असलेल्या माणसांची नावे लेखी द्या. जिल्हा रुग्णालयाला अर्ज करून विचारा की पॅलिएटिव्ह केअरचा कक्ष कोणत्या दिवशी असतो, मॉर्फिन उपलब्ध आहे काय. अर्जाची पोच घ्या. तोंडी विचारलेले हवेत जाते.

कागदाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. माणूस शुद्धीवर आहे, सही किंवा अंगठा करू शकतो, तोवर बँकेतल्या खात्याला आणि भविष्यनिर्वाह निधीला नॉमिनी आहे का ते पाहून घ्या. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सर आणि लकव्याचे गरीब रुग्णही बसतात. तहसील कार्यालयात अर्ज लवकर टाका, कारण दाखले गोळा करण्यात महिने जातात. दवाखान्याच्या योजनांतून भरती झालेल्याचा खर्च निघतो. घरी पडलेल्याच्या डायपरचा, गादीचा, बसच्या तिकिटाचा निघत नाही. आम्ही घरटी महिना वीस रुपये गोळा करतो. मागील वर्षी जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करून दोन हवेच्या गाद्या आणि कमोडची एक खुर्ची घेतली. थोडी कुरबूर झाली. जे कुरबुरले त्यांच्यापैकी एकाच्या आईसाठीच एक गादी गेली.

पुरुष बांधवांना राग आला तरी लिहितो. आमच्या वहीत भेटीला जाणाऱ्या सतरा जणांत बाया तेरा आहेत. आम्ही पुरुष जातो तेव्हा हात मागे बांधून उभे राहतो, "काळजी घ्या" म्हणतो आणि चहा घेऊन येतो. रोग्याला कुशीवर वळवायला ताकद लागते, लुगडे-चादर बदलायला लागते ती वेगळी. घरात सेवा करणारी बहुधा सून किंवा मुलगी. तिची मजुरी बुडते. तिला आठवड्यातून दोन तास सुटी देणे, म्हणजे तिच्या जागी आपण बसणे आणि तिने नुसते झोपणे, याचाही आम्ही एक रकाना ठेवला आहे. तो भरणे सर्वात अवघड जाते.

मावशींची ती नात तेव्हा नववीत होती. आजीजवळ बसायला कुणी नाही म्हणून दोन महिने शाळेत गेली नव्हती, हे मला दिवाळीनंतर कळले. माझ्या वहीत "घरात कोण पाहते" या रकान्यात मीच "नात" असे लिहून पुढे गेलो होतो. मग दुपारच्या पाळ्या लावल्या आणि ती शाळेत जाऊ लागली. मावशी पुढच्या फेब्रुवारीत गेल्या. शेवटच्या दिवशी गोळ्या चौदा उरल्या होत्या. त्या मोजून, सही घेऊन दवाखान्यात परत केल्या.

सध्या वहीत नऊ नावे आहेत. या गुरुवारी तीन घरी जायचे आहे. दोघांच्या गोळ्या पुढील आठवड्यात संपतात आणि त्यात एक सुटी येते. हवेची आणखी एक गादी हवी आहे. कुणाच्या घरी वापरून ठेवलेली, पंप चालू असलेली असेल, तर धुऊन वाळवून विहारात आणून द्यावी.